निळ्या झाकेचं कूळ

धूळ उडते, धूर निघतो. हवेतले कण असे कुठून तरी येतात हे सहज पटतं. पण पुष्कळसे कण हवेतच जन्मतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंपासून. १८६८ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने काचेच्या लांब नळीत गाळलेली हवा आणि अमाइल नायट्राइटची वाफ भरून प्रखर प्रकाशाचा झोत सोडला. रिकाम्या दिसणाऱ्या नळीत ढग उमटला. वाफ विरळ असली की तो आधी निळा दिसे, कण वाढले की पांढरा. टिंडल त्या निळाईतच रमला, आकाश निळं का याच्या मागे लागला. कणांची जन्मकथा मागे पडली.

ती पुढे नेली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतल्या दोन डच माणसांनी. आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादातली रसायनं शोधत होता. लॉस एंजेलिसवर तेव्हा डोळे चुरचुरवणारं धुरकं साचायला लागलं होतं. वास पकडण्याची आपली तंत्रं त्याने शहराच्या हवेला लावली. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंमधले हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड आणि वर कडक ऊन, एवढ्यावर ओझोन आणि धुरकं तयार होतं, असं १९५२ साली त्याने मांडलं. तेल उद्योगाला ते रुचलं नाही, हे सांगायला नकोच.

त्याचा सहकारी फ्रिट्स वेंट वनस्पतिशास्त्रज्ञ. गावं-कारखान्यांपासून दूर, जंगलांवर उन्हाळ्यात तरंगणारी निळी झाक हीसुद्धा त्याच जातीची आहे, असं त्याने १९६० साली 'नेचर'मध्ये लिहिलं. तिचा कच्चा माल झाडांची टर्पिनं, म्हणजे पाइनला किंवा संत्र्याच्या सालीला वास देणारी द्रव्यं. ओझोनशी गाठ पडली की त्यांच्या रेणूंत ऑक्सिजन शिरतो, ते जड होतात, वायू म्हणून टिकत नाहीत आणि मिळेल त्या कणावर बसतात.

अमेरिकेतल्या १९८०च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगनसाहेबांनी प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडलं. झाडं टर्पिनांचं बाष्प सोडतात हे खरं. शहराच्या हवेतले नायट्रोजन ऑक्साइड मात्र मुख्यतः गाड्यांचे आणि कारखान्यांचे असतात.

पण टर्पिनांच्या त्या जड रेणूंना बसायला कणच नसेल तर? खरी अडचण तिथे आहे. चार-दोन रेणूंची गुठळी जमते आणि लगेच विरते. ती धरून ठेवायला गंधकाम्ल लागतं, असा जुना समज होता. आणि आजच्या हवेत ते बरंचसं कोळशाच्या धुरातल्या गंधकापासून बनतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, 'क्लाउड' प्रयोगाच्या पोलादी टाकीत हे तपासलं गेलं. जमिनीलगतच्या हवेत नवे कण जितक्या वेगाने जन्मताना दिसतात, तितक्या वेगाला गंधकाम्ल आणि अमोनिया पुरे पडत नाहीत, असं २०११ साली निघालं. २०१६ साली तर गंधकाम्लाशिवाय, नुसत्या पाइनच्या बाष्पापासूनच कण तयार झाले.

म्हणजे कारखाने येण्यापूर्वीचं आकाश मानत होतो तितकं कणरहित नसावं. आणि ढगांचे थेंब कणांवरच जमतात. माणसाच्या धुराने ढग किती उजळले आणि पृथ्वी किती गार ठेवली, हा हिशेब त्याच जुन्या आकाशाशी तुलना करून मांडतात. तो आकडा आता खाली आणावा लागतो.