फैजीच्या नावावरची दोन पुस्तके

लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८९ साली कुरआनाची एक अरबी तफसीर छापून निघाली. नाव ‘सवातिउल इल्हाम’, लेखक अकबराच्या दरबारातला कवी अबुल फैज फैजी. त्याच सुमारास, १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत, त्याच छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे सात खंड बाहेर काढले. एकेक खंड हजार पानांच्या घरातला. आत जादूगार, पऱ्या, वेषांतर करणारे अय्यार आणि संपता न संपणाऱ्या लढाया. ही दास्तान उर्दूत लिहिली मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर या दोघांनी. पण छापखाना वाचकांना सांगायचा की मूळ फारसी ग्रंथ फैजीचा आहे, आम्ही फक्त तर्जुमा छापतो. असा फारसी ग्रंथ कुणाला कधी सापडला नाही, कारण तो नव्हताच.

एकाच दुकानात, एकाच माणसाच्या नावावर ही दोन पुस्तके. एक मदरशातल्या उस्तादांसाठी, दुसरे रात्री जेवण झाल्यावर ऐकायला बसणाऱ्यांसाठी. आमच्या घरात पहिल्या जातीचे पुस्तक उंच फळीवर रुमालात गुंडाळलेले असायचे आणि दुसऱ्या जातीचे, म्हणजे इब्ने सफींची एखादी जासूसी कादंबरी, गादीखाली. पुष्कळांच्या घरी हेच असेल. इल्म वर आणि किस्से खाली, ही मांडणी मला लहानपणी सनातन वाटायची. नवल किशोरांच्या पुस्तकांची यादी चाळू लागलो तेव्हा कळले की ती तितकी जुनी नाही.

मुन्शी नवल किशोर हे भार्गव कुटुंबातले हिंदू. जन्म १८३६ चा. मकतबात अरबी-फारसी शिकले, मग आग्रा कॉलेजात गेले, पुढे लाहोरच्या कोह-ए-नूर छापखान्यात धंदा शिकले. १८५८ च्या अखेरीस, बाविसाव्या वर्षी, त्यांनी लखनौत स्वतःचा छापखाना काढला. ते साल लक्षात घ्या. उठाव नुकताच चिरडला गेला होता. नवाबी त्याआधीच गेली होती आणि शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले पाडले जात होते. दरबाराच्या आश्रयावर जगणारे कातिब, शायर, मौलवी रस्त्यावर आले होते. त्यातल्या कितीतरी जणांची चूल पुढे या छापखान्याच्या पगारावर पेटली.

सरकारी फॉर्म आणि शाळेची क्रमिक पुस्तके छापून रोख पैसा येई. उरलेल्या यंत्रांवर काय छापले गेले, ते बघा. कुरआन, हदीस, ‘फतावा-ए-आलमगिरी’चा मौलाना सय्यद अमीर अली मलिहाबादींनी केलेला उर्दू तर्जुमा. गालिबचे फारसी कुल्लियात, तेही गालिब हयात असताना, १८६३ मध्ये. तुलसीदासांचे रामचरितमानस, ‘सूरसागर’. युनानी हकिमीचे ग्रंथ. आपल्या दख्खनचा इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याची ‘तारीख’. हा फरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत वाढला आणि मग विजापूरला गेला. शिवाय ‘अवध अखबार’ नावाचे वर्तमानपत्र. त्यात पंडित रतननाथ सरशार यांचे ‘फसाना-ए-आजाद’ १८७८ पासून क्रमशः येत होते आणि त्यासाठी लोक अंकाची वाट पाहत होते. एका काश्मिरी पंडिताने लिहिलेली लखनवी मुसलमानांची कादंबरी, हिंदू मालकाच्या वर्तमानपत्रात. कुणाला त्यात नवल वाटल्याचे दिसत नाही.

हे सगळे शिळाप्रेसवर छापले जाई. नस्तालिक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही. तिची अक्षरे ओळीवर तिरकी उतरतात आणि एकमेकांच्या खांद्यावर चढतात. शिळाप्रेसला खिळे लागत नाहीत. कातिब तेलकट शाईने कागदावर लिहितो, तो मजकूर दगडावर उतरवला जातो आणि दगडावरून छापा निघतो. म्हणजे वाचकाच्या हाती पडते ते कातिबाचेच अक्षर. आज फतवे लिहिणारा कातिब उद्या अफरासियाब जादूगाराची कारस्थाने लिहायला बसू शकत होता, बोरू तोच.

कुरआनाच्या छपाईबद्दल एक गोष्ट अजून सांगतात: त्या कामावरचे कारागीर वुजू करूनच दगडाला हात लावत, आणि दगड धुतलेले पाणी गटारात जाऊ देत नसत. मला ही गोष्ट वाचताना दरवेळी मुंबईचे गणपत कृष्णाजी आठवतात. १८३१ मध्ये त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा छापलेल्या कागदाला शिवायला सोवळे लोक कचरत होते, शाईत चरबी असते म्हणून. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे सांगतात. एकीकडे वुजू, दुसरीकडे तूप. नवे यंत्र घरात घेताना दोघांनाही पहिली काळजी विटाळाचीच वाटली होती.

आता फैजीकडे वळतो. त्याची तफसीर विद्वत्तेचा ग्रंथ आहे खरा, पण तिच्यात एक विलक्षण खेळ आहे. अरबी वर्णमालेतल्या २८ अक्षरांपैकी १५ अक्षरांना नुक्ता असतो आणि १३ अक्षरे बिननुक्त्याची. फैजीने संपूर्ण कुरआनाची तफसीर केवळ त्या १३ अक्षरांत लिहिली. ‘नबी’ लिहिता येत नाही. ‘दीन’ नाही, ‘जन्नत’ नाही. ‘कुरआन’ हा शब्दसुद्धा नाही, कारण काफ आणि नून दोघांनाही नुक्ते आहेत. स्वतःचे नाव तर नाहीच. पण ‘अल्लाह’ लिहिता येते, ‘मुहम्मद’ आणि ‘रसूल’ लिहिता येते. अख्ख्या कलिम्यात एकही नुक्ता नाही, कागदावर लिहून बघा.

या तफसीरीमुळे आयतींचा अर्थ किती उलगडला? फारसा नाही, असे माझे मत. पर्यायी शब्द शोधताना वाक्ये इतकी वाकली आहेत की तफसीरच समजून घ्यायला दुसरी तफसीर लागावी. त्याच्या काळातल्या बदायूनीने तर यावरून त्याला फार कडवट शब्दांत झोडपले. तरीही लिहिणाऱ्याचा आनंद लपत नाही. पायात बेड्या घालून दोरीवर चालणाऱ्या माणसासारखा तो प्रकार आहे. दास्तान सांगणारा नायकाला मुद्दाम तिलिस्मात अडकवतो आणि मग बाहेर काढतो, हेही तेच.

फैजीला गोष्टींचे वावडे नव्हते. १५९१ मध्ये अकबराने त्याला वकील म्हणून दख्खनमध्ये पाठवले. तो बुऱ्हाणपूरला आणि अहमदनगरला राहिला, आणि तिथल्या जहूरी व मलिक कुमी या कवींची तारीफ त्याने पत्रांतून कळवली. परतल्यावर नल-दमयंतीवर फारसी मसनवी लिहिली, म्हणजे नायिका आपल्या विदर्भाची. त्याआधी, १५८७ मध्ये, त्याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा केला होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हेही घरचेच.

लीलावतीची गोष्ट आम्हाला शाळेत गणिताच्या सरांनी सांगितली होती. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायला भास्कराचार्यांनी घटिकापात्र ठेवले. ती कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला. मग बापाने तिचे नाव अमर करायला ग्रंथ लिहिला. ही गोष्ट मूळ संस्कृत ग्रंथात नाही. तिचा जुना लेखी दाखला मिळतो तो फैजीच्या फारसी प्रस्तावनेत. त्याने ती कुठे ऐकली की स्वतः रचली, कोण जाणे. पण गणिताच्या ग्रंथाच्या दारात त्याने एक गोष्ट बसवली, आणि आज मराठी मुलांना गणितातले काही आठवत नसले तरी तो मोती आठवतो. होशरुबाच्या खंडांवर त्याचे नाव लावणाऱ्यांनी थाप मारली हे खरे, पण अगदीच भलत्या माणसाच्या नावावर मारली नाही.

मग किस्से गादीखाली कधी गेले?

१८७४ च्या सुमारास डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ही कादंबरी आली. सरकारने तिला इनाम दिले. तिच्यात नसूह नावाचा बाप कॉलऱ्यातून वाचतो, तौबा करतो आणि मोठ्या मुलाच्या कपाटातले दीवान, मसनव्या आणि किस्से जाळून टाकतो. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि तिच्यात कथा-कवितांची होळी! नव्या शिकलेल्या वर्गाला लाज वाटू लागली होती. इंग्रज सांगत होते की तुमचे साहित्य पोकळ आहे, आणि आपले लोक मान डोलावत होते. धर्मसुधारकांचा आक्षेप निराळा होता, आणि तो सरसकट टाकाऊ म्हणवत नाही. हजरत हमजा हे पैगंबरांचे चुलते, उहुदच्या रणात शहीद झालेले. दास्तानीतला अमीर हमजा कोहकाफच्या परीशी लग्न करतो. श्रद्धाळू माणसाला ते खटकणारच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बेहिश्ती जेवर’ आले. त्यात मुली-बायकांनी वाचू नयेत अशा पुस्तकांची यादी आहे. दास्तान-ए-अमीर हमजा तिच्यात आहे, गुलबकावली आहे, अलिफ लैला आहे. आणि ज्यांच्या नायकाने किस्से जाळले त्या नजीर अहमदांच्या कादंबऱ्याही तिच्यात आहेत: काही भाग चांगला, पण काही भाग ईमान कमजोर करणारा. त्यांच्याच ‘उम्महातुल उम्मा’ या पुस्तकाच्या प्रती पुढे दिल्लीत जाळल्या गेल्या.

नवल किशोर १८९५ मध्ये वारले. अमीर हमजाच्या दास्तानीचे खंड १९१७ पर्यंत निघत राहिले आणि ४६ झाले. ते लोकांनी वाचून वाचून फाडले, भाड्याने फिरवले, शेवटी रद्दीत घातले. ग्रंथालयांनी तफसीर जपली. दास्तान जपण्याची वस्तू आहे असे कुणाला वाटले नाही. शम्सुर्रहमान फारूकी यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन सगळे ४६ खंड जमवले आणि वाचले, तेव्हा तसा पूर्ण संच जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात नव्हता.

मी मराठी माध्यमात शिकलो. उर्दू लिपी मोठेपणी गिरवली. सरावासाठी पहिले पुस्तक हाती घेतले ते नानीच्या जहेजमध्ये आलेले ‘बेहिश्ती जेवर’, पाने पिवळी, पुठ्ठा गेलेला. नानी शेजारी बसून माझे उच्चार सुधारत होती. अडखळत त्या यादीपर्यंत आलो आणि अमीर हमजाचे नाव वाचले, तर ती एकदम हसली. म्हणाली, “ये तो अब्बा हमकू सुनाते थे, तरावी के बाद.”

मी विचारले, पुस्तक होते का घरात?

“पुस्तक कायका? उनको जबानी याद था.” मग जरा थांबून म्हणाली, “आगे पढ. और कौनसे कौनसे सुने मैंने, देखते.”