कुष्ठरोगातील चट्टे व जखमांचे वर्गीकरण आणि त्याची विश्वसनीयता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
महाराष्ट्रातील कुष्ठसेवेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम संस्था व संस्थापक यांच्याकडे जाते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आरंभिलेले कार्य, शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन, बाबा आमटे यांचे आनंदवन, सेवाग्रामात गांधीजींनी केलेली परचुरेशास्त्रींची शुश्रूषा हे सारे सुपरिचित आहे. कोल्हापुरातील शेंडा पार्कचे कुष्ठधाम आणि मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरुग्णालय यांचाही उल्लेख होतो. मात्र गावोगाव फिरून ज्याने रुग्णाच्या अंगावरील चट्टा पाहिला, त्याला एका रकान्यात बसविले व त्यावरून औषधाची मुदत ठरविली, त्या कुष्ठतंत्रज्ञाच्या निर्णयाची चिकित्सा क्वचितच होते. एकच रुग्ण दोघा कर्मचाऱ्यांनी तपासला असता दोघांचा रकाना एकच येतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

वर्गीकरणाची वाटचाल :
१९५३ च्या माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने दोन प्रकार व दोन गट मान्य केले. भारतीय कुष्ठतज्ज्ञांनी त्यात, चट्टा नसताना केवळ मज्जातंतू बाधित असणाऱ्या रुग्णांसाठी वेगळ्या गटाची भर घातली. आपल्याकडील रुग्णांचा अनुभव पाहता ही भर आवश्यकच होती. १९६६ मध्ये रिडले व जॉपलिंग यांनी पाच गटांची मांडणी केली. ती शास्त्रीयदृष्ट्या सरस असली तरी त्वचेच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी तिच्यात गृहीत होती. डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने (स्थापना १९५१) सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धती रुजविली. तिच्यातील कर्मचाऱ्याजवळ मात्र सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळे, बोटे आणि संवेदना तपासण्याचे किरकोळ साहित्य एवढीच त्याची सामग्री.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि अल्पजंतू व बहुजंतू असे दोनच गट ठरविले. वर्धा हा या उपचारपद्धतीच्या देशातील अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक होता. प्रारंभी गट ठरविण्यात त्वचेच्या लेपाच्या तपासणीला महत्त्व होते. परंतु प्रयोगशाळांचा दर्जा सर्वत्र सारखा राखणे अवघड ठरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केवळ चट्टे मोजून गट ठरविण्यास मान्यता मिळाली. पाचपर्यंत चट्टे असल्यास अल्पजंतू व सहा महिने उपचार. पाचाहून अधिक असल्यास बहुजंतू व बारा महिने. याच सुमारास एकच चट्टा असणाऱ्यास तीन औषधांची एकच मात्रा देण्याची पद्धतही भारतात काही वर्षे होती, ती पुढे बंद झाली. म्हणजे एक की दोन, पाच की सहा, एवढ्या मोजणीवर रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहिले.

मोजणी सोपी वाटते. परंतु चट्टे मोजण्यासाठी संपूर्ण शरीर पाहावे लागते. खेड्यातील घराच्या ओसरीवर, सासूसमोर, परपुरुष कर्मचाऱ्याला पाठ दाखविण्यास किती स्त्रिया तयार होतील? न पाहिलेला सहावा चट्टा नोंदवहीत उमटत नाही आणि औषध सहा महिन्यांनी थांबते. पाठीवरील दोन चट्टे एकमेकांत मिसळले असल्यास ते एक धरावेत की दोन, हा प्रश्न निराळाच.

सहमतीचे गणित :
जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक येथे उपयोगी पडतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन कर्मचाऱ्यांनी तेच १०० रुग्ण तपासले आणि प्रत्येकाने ९० अल्पजंतू व १० बहुजंतू ठरविले. परंतु बहुजंतूंपैकी चारच रुग्ण दोघांनाही समान आढळले. सहमती ८८ टक्के दिसते. मात्र ९०-१० या प्रमाणात निव्वळ योगायोगानेही ८२ टक्के सहमती होणारच. ती वजा केली की गुणांक ०.३३ उरतो, म्हणजे जेमतेम. अहवालातील ८८ टक्क्यांवर समाधान मानणारा अधिकारी ज्या बारा रुग्णांविषयी मतभेद आहे त्यांना विसरतो. अधिक काळ औषधाची गरज असणारा रुग्ण त्यांच्यातच दडलेला असण्याची शक्यता सर्वाधिक.

शुश्रूषाशास्त्रात शय्याव्रणांच्या श्रेणींबाबत हीच अडचण आहे. डेफ्लूर व स्कूनहोव्हन यांनी २००४ मध्ये युरोपीय श्रेणीपद्धतीची विश्वसनीयता परिचारिकांना छायाचित्रे दाखवून तपासली. पहिल्या श्रेणीची खूण म्हणजे दाबल्यावरही न फिकटणारी लाली. गोऱ्या कातडीवर ठरविलेली ही खूण सावळ्या त्वचेवर सहज दिसत नाही, हे आपल्या परिचारिका महाविद्यालयांत आवर्जून शिकविले जावे असे वाटते.

तळव्यावरील जखम :
कुष्ठरोगातील विकृतीच्या श्रेणी शून्य, एक व दोन अशा आहेत. संवेदना गेली पण दृश्य इजा नाही, तर एक. जखम वा वाकडी बोटे दिसतात, तर दोन. नव्या रुग्णांतील दुसऱ्या श्रेणीचे प्रमाण हे निदान उशिरा झाल्याचे गमक मानले जाते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, तळव्याचा व्रण हा मांस आपोआप झडल्यामुळे नव्हे, तर वेदना न जाणवणाऱ्या पायावर वारंवार पडणाऱ्या दाबामुळे होतो. आता अनवाणी पायांनी उसाच्या फडात राबणाऱ्याची टाच पाहावी. भेगा तर निरोगी माणसालाही असतात. बधिर टाचेवरील खोल भेग ही जखम समजून दोन लिहावे, की कोरडी त्वचा समजून एक? ब्रँडस्मा व व्हॅन ब्राकेल यांना २००३ मध्ये या श्रेणींच्या व्यवहार्य व्याख्या मांडाव्या लागल्या, त्या अशाच संदिग्धतेमुळे. जुन्या वार्षिक तक्त्यांतील दुसऱ्या श्रेणीचे आकडे वाढलेले वा घटलेले दिसले, तर रोग बदलला की लिहिणारा बदलला, हे इतिहासकाराने आधी तपासावयास हवे.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही गटांना तीच तीन औषधे देण्याची शिफारस केली. त्यामुळे चुकीच्या रकान्यातील रुग्ण तिसऱ्या औषधाला मुकण्याचे कारण उरले नाही. मुदत मात्र सहा व बारा महिने अशीच वेगळी राहिली.