चौशिंगा: एक जाति की दोन?

चौशिंग्यास शास्त्रीय नाव इ. स. १८१६ मध्ये द ब्लँव्हिल याने दिले आणि १८२५ मध्ये लीच याने त्याच्यासाठी ‘टेट्रासेरस’ हा स्वतंत्र वंश स्थापिला. दोन्ही नावांचा आधार एकच, चार शिंगे. परंतु १८३९ मध्ये वॉल्टर एलियट याने धारवाडकडील, तत्कालीन ‘दक्षिण मराठा मुलुखा’तील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत या छोट्या वनकुरंगाची एक निराळी जाति मानली. तिची पुढील शिंगे पूर्ण वाढलेली नसतात, हे एलियटने योजिलेल्या ‘सबक्वाड्रिकॉर्न्यूटस’ या नावातच सूचित आहे.

हा भेद जातीचा मानावा काय? शिंगे केवळ नरास असतात. मागील जोडी आधी उगवते, पुढील मागाहून. दक्षिणेकडील नरांत पुढील शिंगांच्या जागी पुष्कळदा नुसते उंचवटे आढळतात. सबब ब्लॅनफर्डने १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात जाति एकच मानली. ग्रोव्ह्ज याने २००३ मध्ये तीन उपजाति स्वीकारल्या. त्यांपैकी एकीस एलियटचेच नाव आहे. म्हणजे एलियटचे निरीक्षण टिकले, निष्कर्ष तेवढा मागे पडला.

मावळच्या अभ्यासकापुढील अडचण याहून निराळी आहे. बोलीत ‘भेकर’ हे नाव भुंकणाऱ्या हरणास लावतात, तसेच काही ठिकाणी चौशिंग्यासही. वस्तुतः भेकर हे हरीण. त्याची शिंगे गळून पुन्हा उगवतात. चौशिंगा हा कुरंग. त्याची शिंगे कायमची असून त्याचे नाते नीलगायीशी जवळचे आहे. भेकरास दाट, ओलसर रान मानवते. चौशिंग्यास पाण्याजवळचे शुष्क पानझडी रान. लोणावळा-खंडाळ्याचा अतिवृष्टीचा घाटमाथा आणि तळेगावकडील कोरडा प्रदेश एकाच मावळात असल्यामुळे जुन्या शिकारवर्णनातील नुसत्या ‘भेकर’ शब्दावरून प्राणी ठरविणे धोक्याचे होय.

सारांश, शिंगांच्या संख्येवरून एका जातीच्या दोन झाल्या, तर बोलीतील नावामुळे दोन प्राण्यांचा एक होतो. चौशिंगा आज संकटग्रस्त गणला जातो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा अंतर्भाव आहे. तो पूर्वी कोठवर पसरला होता, हे जुन्या नोंदींवरूनच ठरवावयाचे असल्याने, त्या नोंदीत शिंगांचे वर्णन, आवाज आणि रानाचा प्रकार यांपैकी काही आढळल्याखेरीज ती चौशिंग्याच्या पक्षी धरू नये.