काळीपिवळी टॅक्सी आणि म्युझियममधली इटालियन कूपे: दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं

इन्स्टाग्रामवर जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचं रील आलं की आपण थांबतो. लांब नाक, बुटकं छप्पर, दोनच दारं. खाली कमेंट ठरलेली असते, "भावा, हे आपल्या नशिबात नाही."

गाडी नशिबात नसेलही. पण तिचं इंजिन आपल्या नशिबात होतं. तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी दादर स्टेशनबाहेर पकडलेल्या टॅक्सीत ते होतं, आणि नगर जिल्ह्यातल्या कर्जतसारख्या गावात एखाद्या डॉक्टरच्या दारात उभ्या असलेल्या फियाटमध्येही तेच होतं.

ही इटालियन गाडी म्हणजे सिसितालिया २०२.

कूपे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'कापलेली'. पूर्वी घोडागाडीचा एक भाग कापून दोघांपुरती गाडी करायचे, तिचं हे नाव. पुढे दोन दारांच्या, मागे उतरत्या छपराच्या मोटारीला ते चिकटलं.

तुरीन शहरात पिएरो दुसियो नावाचे उद्योगपती होते. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेले, नंतर त्याच क्लबचे अध्यक्ष. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पैसा नव्हता आणि मालही नव्हता. अशा वेळी रेसिंग कार काढायची तर नवं इंजिन कुठून आणणार? त्यांनी फियाट ११०० या साध्या घरगुती गाडीचं इंजिन उचललं. १९३७ पासून बाजारात असलेलं, चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. फियाटचेच इंजिनियर दान्ते जाकोसा यांनी सुरुवातीचं डिझाइन केलं, जोव्हान्नी सावोनुत्सी यांनी ते पुरं केलं. कॉम्प्रेशन वाढवून आणि कार्ब्युरेटर बदलून बत्तीस हॉर्सपॉवरचं इंजिन पंचावन्नपर्यंत नेलं. खाली पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा हाताने ठोकलेला पत्रा.

तो पत्रा पिनिन फारिना यांच्या कारखान्यातला, आणि खरी जादू तिथेच आहे. तोवरच्या गाड्यांत बॉनेट वेगळं, मडगार्ड वेगळं, हेडलाइट वेगळा, सगळं एकमेकांना जोडल्यासारखं दिसायचं. २०२ मध्ये हे सगळं एकाच कातडीखाली गेलं. बॉनेट मडगार्डपेक्षा खाली आलं. आज कुठलीही स्पोर्ट्स कार समोरून बघा, ही कल्पना दिसेल.

१९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ५४ वर्षांचे ताझियो नुव्होलारी २०२ ची उघडी आवृत्ती घेऊन उतरले आणि कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकत दुसरे आले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने निवडक आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही कूपे होती. १९७२ मध्ये ती त्या म्युझियमच्या कायमच्या संग्रहात गेली. एकूण गाड्या बनल्या जेमतेम पावणेदोनशेच्या आसपास. ग्रांप्रीच्या महागड्या गाडीच्या नादात कंपनीचं दिवाळं वाजलं.

आता कर्जतकडे येऊ. रायगडचं नव्हे, नगरचं.

कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमा आहे. ती ओलांडून इंदापूर तालुक्यात शिरलं की पुढे नीरेकाठी वालचंदनगर लागतं. हे गाव वसवणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद. साखर, जहाजं, विमानं असे सगळे उद्योग करून झाल्यावर १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. मग फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० भारतात आली. पुढे तिची डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ मध्ये पद्मिनी. सुधारणा होत गेल्या, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं. सिलिंडरची रुंदी ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. सिसितालियाचं मापही हेच.

म्हणजे म्युझियममधल्या कूपेचं आणि काळीपिवळीचं काळीज एकाच घराण्यातलं. फरक अंगावरच्या कपड्यांचा.

हे कौतुकापुरतं सांगत नाहीये. जुनी गाडी सांभाळायची म्हणजे नक्की काय, ते यातून कळतं. सिसितालियाचं इंजिन बिघडलं तर फारसं घाबरायचं कारण नाही, ते मुळात लाखांनी बनलेल्या साध्या गाडीचं आहे. घाबरायचं ते पत्र्याला. प्रत्येक गाडीचा पत्रा हाताने ठोकलेला, त्यामुळे एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसेलच असं नाही. शिवाय पोलादी नळीला ॲल्युमिनियम टेकलं आणि मध्ये ओल शिरली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागतं. असला पत्रा सरळ करणारे कारागीर जगात मोजकेच. खर्च तिथे जातो.

पद्मिनीचंही तसंच. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. त्यामुळे पायाखालचा फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली की गाडीचा कणा गेला. मुंबईच्या खाऱ्या हवेने अशा कितीतरी पद्मिनी खाल्ल्या. कर्जतची कोरडी हवा इथे उपयोगी पडते. दुष्काळी भाग म्हणून आपण नशिबाला बोल लावतो, पण पत्र्याला तो मानवतो. जुनी फियाट घ्यायची तर किनाऱ्यावरची चकचकीत गाडी सोडा आणि देशावरची रंग उडालेली बघा. मॅट उचलून फ्लोअरवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोलणं करा.

कोरड्या हवेचे तोटेही आहेत. उन्हाने दारांची रबरं तडकतात, आणि धूळ एवढी की एअर फिल्टर वरचेवर साफ करावा लागतो.

इंजिनाचं म्हणाल तर ते साधं असलं तरी लाड मागतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. मग लेथवर हेड फेस करून घ्यायचं. ते परवडत नसेल तर रेडिएटरचं पाणी रोज बघायचं. सीबी पॉइंट घासले की गॅप बदलतो आणि गाडी सकाळी रुसते. टॅपेटचा टकटक आवाज वाढला की सेटिंग. किंगपिनला वेळेवर ग्रीस नाही मिळालं तर स्टिअरिंग जड होतं आणि मग ढिलं. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरचे बुश झिजले की गिअर सापडत नाही, नवखा माणूस चौकातच घामाघूम होतो. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पावसात भिजले की थोडा वेळ कमी धरतात. यातलं बहुतेक काम गावातला जुना मेकॅनिक कॉम्प्युटर न लावता करतो. तो मेकॅनिक साठीच्या पुढचा असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा पोरगा आहे का ते मात्र विचारून ठेवा. पार्ट्ससाठी कुर्ल्याचं जुन्या पार्ट्सचं मार्केट आहेच. गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात, हा योगायोग गंमतीचा आहे आणि थोडा वाईट वाटायला लावणाराही.

नवा प्रश्न पेट्रोलचा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदाही त्याने फुगतो किंवा चिरतो. उपाय महाग नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवून घ्या, आणि गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर फिरवा. ऊसवाल्या पट्ट्यातल्या माणसाला यातली गंमत कळेल. साखर कारखाना काढणाऱ्या माणसाने आणलेल्या गाडीला आता उसाचीच दारू पचवावी लागतेय.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती बातमी इतकी फिरली की पद्मिनीवर बंदीच आली असं लोक धरून चालले आणि काहींनी घरची गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकली.

ती मर्यादा टॅक्सीला होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीचा नियम वेगळा आहे, तो महाराष्ट्राला लावू नका. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणूनही नोंदता येते. नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट एवढीच की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरती काढायची. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. रोज बाजारात न्यायची असेल तर विंटेज करू नका, साधी नोंदणीच वाढवत राहा.

आणि एप्रिल-मे मध्ये कर्जतहून नगरला निघालात, गाडी मध्येच फुरफुरून बंद पडली, तर लगेच टोचन लावायला कुणाला बोलावू नका. पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असल्याने उन्हात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. बॉनेट उघडा, फडकं ओलं करून पंपावर ठेवा, रसवंतीवर एक ग्लास रस घ्या. परत याल तेव्हा बहुतेक वेळा गाडी सुरू होते.