मुलाच्या हाती पहिला चाकू

मुलाच्या हाती पहिला चाकू केव्हा द्यावा आणि कोणता द्यावा, हा प्रश्न आज आपल्या घरांतून फारसा विचारला जात नाही. कोणी विचारलाच, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. चाकू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटांतला रामपुरी उभा राहतो. पेन्सिल, पेरूची फोड किंवा बांबूची शिट्टी उभी राहत नाही. परंतु इतिहासात थोडे मागे गेले, तर असे दिसते की मुलाचा पहिला चाकू हा पुष्कळ समाजांत शस्त्रांच्या नव्हे, तर लेखनसाहित्याच्या कुळातला होता. हे नाते कसे जुळले, कसे तुटले आणि एका देशातल्या एका लहानशा शाळेने ते पुन्हा कसे जोडून पाहिले, हे समजून घेतले तर वरच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे हाती लागते.

मोडी आणि देवनागरी लिहिणारे आपले पूर्वज बोरूने लिहीत. बोरू तयार मिळत नसे. तो तासावा लागे. कांड्याच्या टोकाला तिरपा छेद द्यायचा, टोक नेमक्या रुंदीचे ठेवायचे आणि झिजले की पुन्हा तासायचे. अक्षर चांगले यायचे तर आधी छेद चांगला जमला पाहिजे, हे प्रत्येक लेखनिकाला ठाऊक असे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे, आणि त्यात निरनिराळ्या प्रदेशांतले बोरू आणण्याचीही सूचना येते. फारसीत लेखणी तासणाऱ्या चाकूला ‘कलमतराश’ असे स्वतंत्र नाव होते. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही त्याच जातीचा. पिसाची लेखणी तासणारे ते छोटे पाते. म्हणजे ज्याला लिहायला शिकायचे, त्याला पाते चालवायलाही शिकणे भाग होते.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाकांचे पीक आले आणि बोरू-पिसांबरोबर चाकूही मागे पडू लागला. तरी लाकडी पेन्सिलीने त्याला आणखी काही काळ आश्रय दिला. या संक्रमणाचा सर्वांत बोलका इतिहास जपानमध्ये सापडतो.

इ.स. १८७६ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार बाळगण्याची बंदी केली. शतकानुशतके तलवार हीच ज्यांची ओळख, त्या वर्गाच्या हातून ती गेली. आणि त्यानंतर वीसएक वर्षांतच त्या देशातल्या मुलांच्या खिशात एक घडीचा चाकू आला. ह्योगो प्रांतातले मिकी हे अवजारे घडविणाऱ्यांचे जुने गाव. १५७८ ते १५८० या काळात तिथल्या किल्ल्याला वेढा पडून गाव उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभारताना सुतार-लोहार तिथे जमले आणि हत्यारांचा व्यवसाय रुजला, अशी तिथली परंपरा सांगते. या गावात १८९० च्या दशकात जो चाकू तयार होऊ लागला, त्याला ‘हिगो-नो-कामी’, म्हणजे हिगो प्रांताचा अधिपती, असे भारदस्त नाव मिळाले. हिगो म्हणजे दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचा आजचा कुमामोतो.

नाव सरदाराचे, पण वस्तू अगदी साधी. पितळेचा किंवा लोखंडाचा एक पत्रा दुमडून केलेली मूठ. तिच्यात एका रिव्हेटवर फिरणारे पाते. आणि पात्याच्या बुडाशी बाहेर आलेली एक छोटी शेपटी, जिला ‘चिकिरी’ म्हणतात. अंगठ्याने चिकिरी दाबली की पाते उघडते. आत स्प्रिंग नाही, पाते अडकवून धरणारा खटका नाही. काम चालू असताना अंगठा चिकिरीवर ठेवायचा. तो आहे तोवर पाते मिटत नाही. म्हणजे या चाकूतला सुरक्षेचा भाग कारागिराने चाकूत बसविलेलाच नाही. तो वापरणाऱ्याच्या अंगठ्यात आणि अवधानात ठेवला आहे. चांगल्या प्रतीच्या पात्यात मऊ लोखंडाच्या थरांमध्ये कठीण पोलाद धरलेले असते, त्यामुळे ते दगडावर घासून मुलालाही धार लावता येते.

याच सुमारास जपानमध्ये पेन्सिलही स्थिरावत होती. १८८७ साली मासाकी निरोकु यांनी तोक्योत पेन्सिलींचा कारखाना काढला. आजच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचे मूळ तेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळकरी मुलगा, पेन्सिल आणि हिगो-नो-कामी ही त्रयी सर्वत्र दिसू लागली. शाळेत पेन्सिल तासायची, शाळा सुटल्यावर त्याच पात्याने बांबूची भिरभिरी आणि पिचकारी करायची. बोट कापले तर ते चोखायचे आणि पुढच्या वेळी पाते कोणत्या दिशेने चालवायचे ते ध्यानात ठेवायचे. मिकीत एके काळी कित्येक कारखाने हा एकच चाकू घडवीत होते.

या चित्राला तडा गेला तो १२ ऑक्टोबर १९६० रोजी. तोक्योच्या हिबिया सभागृहात जपानी समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करीत असताना एका सतरा वर्षांच्या तरुणाने व्यासपीठावर धावून जाऊन त्यांना भोसकले. चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे घडलेला तो वध देशाने पाहिला. त्या क्षणाचे छायाचित्र टिपणारे यासुशी नागाओ यांना १९६१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या घटनेनंतर मुलांच्या हाती पाते देऊ नये, अशी मोहीम देशभर उभी राहिली. शाळांनी चाकूंवर बंदी घातली, पालकांनी ते काढून घेतले आणि वर्गांतून पेन्सिल तासण्याची यंत्रे आली. मिकीचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. अखेर हे नाव अधिकृतपणे वापरणारे नागाओ हे एकच घराणे उरले.

इथे एक बारकावा नजरेआड करून चालणार नाही. असानुमांचा वध हिगो-नो-कामीने झाला नव्हता. मारेकऱ्याच्या हाती जुन्या धाटणीची आखूड तलवार होती. म्हणजे दोष घडला सरदारी शस्त्राकडून आणि शिक्षा झाली शाळकरी अवजाराला. भ्यालेल्या समाजाला असा भेद करण्याची उसंत नसते, हे समजण्यासारखे आहे. पण त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. पाते कामासाठी वापरलेच नाही, अशी मुले मोठी झाली. आणि ज्यांच्या हाती ते पुन्हा आले, त्यांतल्या काहींकडे ते केवळ शस्त्र म्हणूनच आले. जानेवारी १९९८ मध्ये तोचिगी प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेत तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षिकेचा प्राण घेतला. त्याच्या हाती पेन्सिल तासण्याचा चाकू नव्हता, ‘बटरफ्लाय’ जातीचा दिखाऊ चाकू होता. बंदी नसती तर ही घटना टळली असती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र चार दशकांच्या बंदीने ती टळली नाही, एवढे निश्चित.

या पार्श्वभूमीवर नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या आइझोमे प्राथमिक शाळेचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९८३ साली या शाळेने पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक हिगो-नो-कामी देण्याचा परिपाठ सुरू केला. सहा-सात वर्षांच्या मुलांनी आपल्या पेन्सिली स्वतः तासायच्या, एवढाच हेतू. देश चाकूला भीत असताना चालू झालेला हा उपक्रम पुढे अनेक वर्षे, १९९८ नंतरच्या घबराटीतही टिकून राहिला. शाळेने चाकूबरोबर मुलाला काम दिले, ते काम रोजचे ठेवले आणि ते सगळ्यांच्या देखत करायला लावले. जुन्या बोरूवाल्यांची रीतही तीच होती.

युरोपातल्या अनुभवाची साक्षही याहून वेगळी नाही. फिनलंडने १८६६ मध्ये हस्तकौशल्याला शालेय शिक्षणात स्थान दिले. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमोन यांनी ‘स्लॉइड’ नावाची लाकूडकामाची पद्धत बांधली आणि देशोदेशींचे शिक्षक तिथे शिकून गेले. या पद्धतीत मुलाच्या हाती येणारे पहिले अवजार चाकू हेच असे. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून तयार होणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये पाते जखडणारे कडे मिळाले. पुढे मुलांसाठी त्याची गोल टोकाची आवृत्ती आली. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सनेही मुलांच्या चाकूचे टोक गोलच केले. दोघांनीही टोक काढले, धार काढली नाही. कारण भोसकणे हे टोकाचे काम, तासणे हे धारेचे. आणि बोथट पाते अधिक सुरक्षित, हा समज खोटा आहे: बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेले पातेच निसटून बोटावर येते.

तेव्हा मुलासाठी पहिला चाकू निवडताना आधी दुकानात जाऊ नये. आधी काम निवडावे. पेन्सिल तासणे, फळ चिरणे, बोरू करणे, यांतले जे घरात खरोखर रोज होणार असेल ते. मग त्या कामापुरते लहान पाते, मुलाच्या मुठीत बसणारी मूठ, खरी धार, आणि अगदी लहान वयात गोल टोक. झटक्यासरशी उघडणारा, दिसायला रुबाबदार चाकू टाळावा, कारण त्याला दाखविण्यापलीकडे काम नसते. पाते जखडणारे कडे हवे की हिगो-नो-कामीसारखा अंगठ्यावरचा भरवसा, हे मुलाच्या स्वभावावर ठरवावे. आणि पहिले काही महिने तरी शेजारी एक वडीलधारे माणूस बसलेले असावे. चाकू बंद पेटीत ठेवून मुलाला जपता येते खरे. पण त्याच्या हाताला शहाणपण शिकविण्याचे काम तेवढ्याने पुरे होत नाही.