हातांविना

गेल्या वर्षी एका चित्रकर्तीचे पत्र भाषांतरासाठी माझ्याकडे आले. ती व्हीलचेअर वापरते. कुठल्याही गॅलरीशी बांधलेली नाही. चित्रे विकून आणि थोडेथोडे पैसे पाठवणाऱ्या चाहत्यांच्या आधाराने काम करते. दर तीन महिन्यांनी ती या मंडळींना पत्र लिहिते : काय पुरे झाले, काय अर्धवट राहिले, रंगांवर किती खर्च झाला. मूळ पत्र इंग्रजीत होते. 'डिसेबल्ड आर्टिस्ट' या दोन शब्दांपाशी मी अडखळले आणि सवयीने लिहून गेले, 'अपंगत्वावर मात करून चित्रे काढणारी मी एक कलाकार'. मसुदा परत आला तेव्हा त्या ओळीवर काट होती. समासात लिहिले होते, "मात केलेली नाही. चित्रं काढली आहेत."

वर्तमानपत्रांतून आपण हजारदा वाचलेली ती ओळ माझ्या हातून इतक्या सहज का उतरली, या विचारात मी सारा बिफिनपाशी जाऊन पोचले.

सारा 1784 साली इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, ईस्ट क्वांटॉक्सहेड या खेड्यात जन्मली. वडील चांभारकाम करीत. तिला जन्मतः हात नव्हते आणि पायांची वाढ झालेली नव्हती. तोंड आणि खांदा यांच्या मदतीने ती शिवायला, लिहायला, चित्र काढायला शिकली. पुढे ड्यूक्स नावाच्या खेळवाल्याशी करार झाला आणि ती त्याच्याबरोबर गावोगावच्या जत्रांतून फिरू लागली. लोक तिकीट काढून तिला बघायला येत. तिने हस्तिदंतावर काढलेल्या छोट्या व्यक्तिचित्राचा दर तीन गिनी होता, म्हणजे तीन पौंडांहून थोडा जास्त. तिला स्वतःला वर्षाकाठी पाच पौंड मिळत, असे सांगितले जाते. म्हणजे दोन चित्रांत तिचा वर्षाचा पगार फिटत होता. बाकीचे पैसे कोणाकडे जात, हे वेगळे सांगायला नको.

1808 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूच्या जत्रेत अर्ल ऑफ मॉर्टन या सरदाराने तिला पाहिले आणि तिच्यासमोर आपले चित्र काढायला बसला. बैठक संपली की तो अपुरे चित्र घरी घेऊन जाई आणि पुढच्या बैठकीला परत आणी. मधल्या वेळेत दुसरे कोणी त्यावर हात फिरवत नाही ना, याची त्याला खात्री करायची होती. खात्री पटल्यावर त्याने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि विल्यम क्रेग या चित्रकाराकडे ती शिकली. मॉर्टन तिचा खरा आश्रयदाता ठरला, यात वाद नाही. पण आधी पुरावा, मग मदत, हा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे सरकारी सवलतीसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. साराला दाखला द्यायचा होता तो कौशल्याचा, आणि तोही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर नव्याने.

जत्रा सुटल्यावर तिने लंडनमध्ये स्वतःचा व्यवसाय उभारला. 1821 मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचे पदक मिळाले. राजघराण्यातून कामे आली. त्याच सुमाराच्या आत्मचित्रात ती उंची पोशाखात, आपल्या साहित्यासह बसली आहे. कुंचला बाहीला अडकवलेला आहे. खेळवाल्याने तिला जशी मांडली होती तशी ती इथे दिसत नाही. ही कामावर बसलेली बाई आहे.

पण मला थांबवले ते तिच्या सहीने. अनेक चित्रांवर नावापुढे ती लिहिते, 'विदाउट हँड्स'. हे मराठीत आणायचे तर निर्णय घ्यावा लागतो. 'बिनहातांच्या मिस बिफिनने काढलेले' असे म्हटले तर ते दोन शब्द बाईचे विशेषण होतात. 'मिस बिफिनने हातांविना काढलेले' म्हटले तर ते क्रियापदाला जाऊन चिकटतात. चित्र कसे झाले एवढेच सांगतात, 'हस्तिदंतावर जलरंग' म्हणावे तसे. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जत्रेच्या तंबूत पहिला अर्थ विकला जात होता. स्वतःच्या स्टुडिओत तिने तेच शब्द वापरले, आणि त्यांनी गिऱ्हाईक येते हे तिला ठाऊक नव्हते असे मानणे म्हणजे तिला भोळी ठरवणे. फरक इतकाच, की आता त्या शब्दांची किंमत तिच्या हिशेबात जमा होत होती. स्वातंत्र्य म्हणतात ते पुष्कळदा एवढेच असते.

आणि ते टिकतेच असे नाही. 1824 मध्ये तिने लग्न केले, ते फार काळ टिकले नाही. 1827 मध्ये मॉर्टन वारला. उतारवयात ती लिव्हरपूलला राहायला गेली, कामे कमी झाली. 1847 मध्ये तिथल्या रिचर्ड रॅथबोन यांनी पुढाकार घेऊन तिच्यासाठी वर्गणी जमवली. 1850 मध्ये ती तिथेच गेली. डिकन्सने एकाहून अधिक कादंबऱ्यांत तिचे नाव जाता जाता, गमतीसाठी घेतले. पुढच्या पिढ्यांना ती बरीचशी त्या उल्लेखांपुरतीच उरली. 2022 मध्ये लंडनच्या फिलिप मोल्ड गॅलरीत तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. जन्मतः तसेच शरीर लाभलेल्या चित्रकार अॅलिसन लॅपर त्या कामात सहभागी होत्या. नाव होते, 'विदाउट हँड्स'.

आपल्याकडे शब्द बदलण्याची हौस मोठी. 'अपंग' गेला, 'विकलांग' मागे पडला, 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला आणि तो सरकारी पाट्यांवर चढला. या सगळ्या शब्दांत बोलणारा दुसराच कोणी असतो. कीव करणारा, नाहीतर आरती ओवाळणारा. माझी 'मात' त्यातलीच. तिने वाचणाऱ्याला बरे वाटते, की झगडा संपला, आता काही करायला नको. साराच्या सहीत मात नाही. काम झाले आहे, ते असे झाले आहे, आणि त्याचा दर अमुक आहे.

मी ती ओळ पुन्हा लिहिली : 'मी चित्रकार आहे. मी अपंग आहे.' दोन वाक्ये, मध्ये 'असूनही' नाही. चित्रकर्तीने यावेळी काही खोडले नाही. फक्त विचारले, रंगांच्या खर्चाचा तक्ता पूर्ण घेतला आहे ना? लोकांनी पैसे दिलेत, त्यांना हिशेब दिसला पाहिजे.

तक्ता जसाच्या तसा घेतला होता. त्यात भाषांतर करण्यासारखे फारसे काही नव्हते.