वायुमंडलाच्या पलायनाचा प्रश्न : वोलॅस्टनपासून ध्रुवीय वाऱ्यापर्यंत

इ. स. १८२२ मध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने वातावरणाच्या मर्यादेविषयी एक छोटा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. त्याचा युक्तिवाद विलक्षण होता. हवा जर अनंतपर्यंत विभाज्य असेल, तर ती विरळ होत होत सर्व अवकाश व्यापील, आणि मग सूर्य, गुरू इत्यादी जड गोल आपापल्या आकर्षणाच्या प्रमाणात ती स्वतःभोवती गोळा करतील. सूर्याभोवती असे दाट आवरण असते, तर त्याच्याजवळून जाणाऱ्या शुक्राच्या प्रकाशाचे वक्रीभवन दिसले असते. १८२१ च्या मे महिन्यात शुक्र सूर्याच्या अगदी निकट आला असता असे काही आढळले नाही. गुरूचे उपग्रह त्याच्या बिंबाआड जातानाही विलंब दिसत नाही. यास्तव पृथ्वीचे वातावरण कोठे तरी संपते, आणि ज्या अर्थी ते संपते त्या अर्थी हवेचे कण पुढे विभागता येत नाहीत, असे अनुमान त्याने काढले.

ह्या अनुमानातील दुसरी पायरी लंगडी आहे हे आज सहज दिसते. वातावरणाला सीमा असणे आणि द्रव्य परमाणुमय असणे ह्यांचा असा सरळ संबंध नाही. परंतु वोलॅस्टनने विचारलेला प्रश्न खरा होता. वायूला स्वतःचा आकार नसतो. मिळेल ती जागा तो व्यापतो. भूगोलाबाहेर तर अमर्याद पोकळी आहे. मग हवा त्या पोकळीत का पसरत नाही? ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ हे शालेय उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. वातावरणाचा प्रत्येक थर आपल्यावरील थरांचा भार दाबाने तोलून धरतो हे सतराव्या शतकापासून माहीत होते. तथापि सर्वांत वरच्या थरावर भार असा नाहीच; त्याला कोण दाबून धरतो? लाप्लासने परिवलनामुळे निर्माण होणारी केंद्रोत्सारी प्रेरणा आणि गुरुत्व जेथे समसमान होतात ती वातावरणाची कमाल सीमा, असे गणित मांडले. त्यावरून हवा कोठवर पोहोचू शकेल हे कळते, पण ती त्याच्या कितीतरी अलीकडे जवळजवळ का संपते हे कळत नाही. पॉयसाँसारख्या गणितज्ञाने तर वरच्या थंडीत हवा द्रवरूप होऊन झाकणासारखी बसत असावी अशी कल्पना पुढे केली. वायू म्हणजे काय, हेच जोवर ठाऊक नव्हते, तोवर ह्याहून निराळे काही होणे शक्य नव्हते.

वायू म्हणजे काय ह्याचे उत्तर ज्यांना प्रथम सापडले, त्यांत मुंबईत राहणारा एक शिक्षक होता. जॉन जेम्स वॉटर्स्टन (१८११–१८८३) हा एडिंबरोचा स्थापत्यज्ञ. १८३९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांस शिकविण्याच्या नोकरीवर तो मुंबईस होता. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्याने वायूंच्या गतिसिद्धान्तावर एक विस्तृत निबंध लिहिला आणि १८४५ च्या अखेरीस रॉयल सोसायटीकडे पाठविला. वायूचे रेणू निरंतर सर्व दिशांना धावत असतात, त्यांच्या आघातांची बेरीज म्हणजे दाब, आणि त्यांच्या वेगाचा वर्ग उष्णतामानाच्या प्रमाणात असतो, हे त्याने त्यात स्पष्टपणे मांडले. इतकेच नव्हे, तर एकाच उष्णतामानात हलक्या रेणूंचा वेग जास्त व जड रेणूंचा कमी, म्हणजे वेगाचा वर्ग रेणुभाराच्या व्यस्त प्रमाणात, हा नियमही त्याला सापडला होता. वातावरणाचा उभा समतोल व उंचीप्रमाणे घटणारे उष्णतामान ह्यांचा विचार त्याने ह्याच दृष्टीने केला; वर जाणारा रेणू हा त्याच्या मते फेकलेल्या चेंडूसारखा होता.

पुढे जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात वारंवार सांगितले गेले आहे, तरी ते येथे टाळता येत नाही. परीक्षकांपैकी एकाने निबंध निव्वळ अर्थशून्य ठरविला आणि तो सभेत वाचण्याच्याही योग्यतेचा नाही असा अभिप्राय दिला. मार्च १८४६ मध्ये त्याचे वाचन झाले खरे, परंतु समग्र निबंध छापला गेला नाही. एकदा वाचलेला निबंध संस्थेच्या मालकीचा, हा नियम. आणि वॉटर्स्टनने स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. १८५७ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८८३ मध्ये एके दिवशी घरातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. लॉर्ड रॅले ह्यांनी १८९१ मध्ये संस्थेच्या दप्तरातून तो निबंध शोधून काढला व पुढील वर्षी प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. तोपर्यंत क्लॉझियस, मॅक्सवेल व बोल्ट्झमन ह्यांनी सर्व क्षेत्र स्वतंत्रपणे उभारले होते. अपरिचित लेखकाने आधी काही लहान व निर्विवाद कामाने नाव मिळवावे व मगच मोठा सिद्धान्त मांडावा, असा उपदेश रॅले ह्यांनी प्रस्तावनेत केला आहे. उपदेश व्यवहार्य असेल. मुंबईहून कागद पाठविणाऱ्या माणसाला तो कितपत उपयोगी पडला असता, हा प्रश्न मात्र उरतोच.

वॉटर्स्टनवरील अन्यायाची भरपाई म्हणून त्याच्या पदरी अधिक श्रेय बांधण्याचेही कारण नाही. त्याचा निबंध वेळीच छापला गेला असता तरी वायूच्या पलायनाचा प्रश्न सुटला नसता. एका उष्णतामानात सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. काही मंद, बहुतेक मध्यम, आणि फारच थोडे अतिवेगवान असतात. ह्या वाटपाचा नियम मॅक्सवेलने १८६० मध्ये प्रसिद्ध केला. पृथ्वीवरून कायमचे निसटण्यास दर सेकंदास ११.२ किलोमीटर वेग लागतो. नेहमीच्या उष्णतामानात नत्रवायूच्या रेणूचा सरासरी वेग अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मुक्तिवेगाच्या बाविसाव्या हिश्श्याएवढा. सरासरीकडे पाहिले तर कोणताच वायू निसटणार नाही. निसटतात ते वाटपाच्या टोकावरील अपवादात्मक रेणू, आणि सगळे गणित त्या टोकाचे आहे.

हे टोक प्रथम पकडले ते आयर्लंडच्या जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी ह्यांनी. ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव देणारे म्हणून ते आज स्मरणात आहेत. चंद्रावर हवा का नाही, ह्याचे रेणूंच्या वेगावरून स्पष्टीकरण त्यांनी १८७० च्या सुमारास डब्लिनमध्ये दिले. विस्तृत निबंध मात्र १८९७–९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. रॅम्झी ह्यांनी १८९५ मध्ये हेलियम वायू पृथ्वीवरील खनिजात शोधला आणि लवकरच तो उष्ण झऱ्यांच्या वायूतही आढळला.

येथे एका स्थानिक समजुतीचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला, असे महाराष्ट्रात वारंवार लिहिले जाते. १८६८ च्या ऑगस्टमधील खग्रास ग्रहणाच्या वेळी जाँसाँ गुंटूरला होते; आणि नॉर्मन लॉकियर तर हिंदुस्थानात आलेच नव्हते, त्यांची त्या वर्षीची वर्णपटीय निरीक्षणे इंग्लंडमध्ये ऑक्टोबरात झाली. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे स्टोनी हेलियमच्या पलायनावर वाद घालीत होते त्याच सुमारास. दोन ग्रहणांची ही सरमिसळ आता थांबावी.

स्टोनींची पद्धत उलट्या दिशेची होती. त्यांनी टोकाचे गणित केले नाही. वस्तुस्थितीवरून मर्यादा ठरविली. झऱ्यांतून हेलियम सतत हवेत मिसळत आहे, तरी हवेत तो नाममात्र आहे. अर्थात तो निसटतो. पाण्याची वाफ मात्र पृथ्वीने युगानुयुगे राखली आहे. वरच्या हवेचे उष्णतामान शून्याखाली साठ-सत्तर अंश धरले, तर मुक्तिवेग हेलियमच्या सरासरी वेगाच्या सुमारे साडेनऊ पट आणि वाफेच्या सुमारे वीस पट येतो. म्हणून ज्या ग्रहावर हे गुणोत्तर पहिल्या मर्यादेजवळ असेल तेथून तो वायू जाईल, दुसरीजवळ असेल तर राहील. मंगळाला हे माप लावून त्यांनी तेथे वाफ टिकणार नाही असे ठरविले आणि त्याच्या ध्रुवांवरील शुभ्र टोप्या गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या असाव्यात असे सुचविले.

गणितज्ञांना हे मानवले नाही. १९०० व १९०१ मध्ये अमेरिकेत कुक ह्यांनी व वेल्समध्ये ब्रायन ह्यांनी मॅक्सवेलचा नियम लावून प्रत्यक्ष हिशेब केला. साडेनऊ पट म्हणजे वाटपाचे टोक इतके बारीक की, पृथ्वीच्या साऱ्या आयुष्यातही हेलियमची गळती जाणवणार नाही. स्टोनींचे प्रत्युत्तर असे की, अतिविरळ हवेत तो नियम जसाच्या तसा लागू पडतो हे कोणी सिद्ध केले? हेलियम येतो आणि उरत नाही. मग तो जातो कोठे? वाद कडवट झाला आणि निर्णयाविना थांबला. त्या काळच्या बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी ब्रायन ह्यांची बाजू उचलली, कारण त्यांच्याजवळ समीकरण होते. स्टोनींजवळ केवळ एक गैरहजर वायू होता.

जेम्स जीन्स ह्यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात ह्या विषयाला जे रूप दिले तेच पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. एका विशिष्ट उंचीच्या वर हवा इतकी विरळ असते की, वर निघालेल्या रेणूची दुसऱ्याशी टक्कर होण्याची शक्यता जवळजवळ नसते. तेथून पुढे तो चेंडूच. पुरेसा वेगवान असला तर गेला, नाही तर परत खाली. वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच: सर्वांत वरचा थर भाराने दाबलेला नसून प्रत्येक रेणू स्वतःच्या मंदपणामुळे परत फिरतो. जीन्स ह्यांच्या हिशेबाप्रमाणे मुक्तिवेग सरासरी वेगाच्या चौपट असेल तर वातावरण सुमारे ५०,००० वर्षांत नष्ट होते. साडेचार पट असेल तर ३ कोटी वर्षे, आणि पाचपट असेल तर २,५०० कोटी वर्षे टिकते. सर्व वातावरण एकाच उष्णतामानाचे आहे असे त्यात गृहीत असल्याने हे आकडे आज शब्दशः घेता येत नाहीत. पण त्यांतील चढ खरा आहे. गुणोत्तर चारावरून पाचावर गेले की काळ पाच लक्ष पटींनी वाढतो. एखादा वायू ‘काहीसा’ टिकतो अशी अवस्था म्हणूनच क्वचित आढळते.

ह्या गणिताची कमकुवत बाजू गणितात नव्हती, उष्णतामानात होती. जमिनीवरून वर जावे तसे थंडी वाढते, एवढेच स्टोनी व ब्रायन ह्यांना माहीत होते. १९२३ मध्ये लिंडेमन व डॉब्सन ह्यांनी उल्कांच्या निरीक्षणांवरून वरची हवा अपेक्षेपेक्षा उष्ण असल्याचे दाखविले. १९४९ मध्ये स्पिट्झर ह्यांनी ३०० किलोमीटरवरील वातावरणाचा नव्याने विचार केला, आणि १९५७ नंतर कृत्रिम उपग्रहांच्या गतीला होणाऱ्या अवरोधावरून तेथील उष्णतामान १,००० केल्विनच्या आसपास, सूर्याच्या तेजीमंदीप्रमाणे कमीजास्त, असल्याचे निश्चित झाले. ह्या उष्णतेत हायड्रोजनच्या एकट्या परमाणूचा सरासरी वेग ५ किलोमीटर होतो, म्हणजे मुक्तिवेगाच्या निम्म्याजवळ. तो सहज निसटतो. त्याच्या गळतीला खरा अटकाव खालून होतो. सुमारे १०–१६ किलोमीटरवरील थंड थरात वाफ गोठते, त्यामुळे वर हायड्रोजन पोहोचतोच थोडा. पृथ्वीचे समुद्र शाबूत आहेत त्याचे श्रेय जितके गुरुत्वाला तितकेच ह्या थंड झाकणालाही दिले पाहिजे.

हेलियमचे कोडे मात्र १,००० केल्विननेही सुटले नाही. युरेनियम व थोरियम ह्यांच्या ऱ्हासातून भूकवचात तो अखंड तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ५.२४. पुरवठ्याच्या दराने एवढा साठा दहा-वीस लक्ष वर्षांत जमेल. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षे आहे. तेव्हा तो जातो हे निश्चित. सरासरी उष्णतामानावर जीन्स ह्यांच्या सूत्राने काढलेली गळती मात्र पुरवठ्याच्या मानाने नगण्य येते. म्हणजे ब्रायन ह्यांचे गणितही बरोबर आणि स्टोनींचा हेलियमही खरोखरच गैरहजर. ह्या कोंडीतून वाट निघाली १९६८ मध्ये, ॲक्सफर्ड तसेच बँक्स व होल्झर ह्यांच्या कामातून. ध्रुवांजवळच्या चुंबकीय बलरेषा पृथ्वीकडे परत न वळता अवकाशात दूरवर ताणलेल्या असतात. त्या रेषांवरून हलके इलेक्ट्रॉन वर जाऊ पाहतात आणि त्यांनी निर्माण केलेले विद्युत्क्षेत्र हायड्रोजन व हेलियम ह्यांच्या आयनांना वर खेचते. ह्या प्रवाहास ‘ध्रुवीय वारा’ असे नाव पडले. तो उष्णतेने होणारा व्यापार नाही. म्हणून मॅक्सवेलच्या वाटपात तो शोधूनही सापडला नसता.

जीन्स ह्यांच्या सूत्राला मोठे यश मिळाले ते दुसरीकडे. शनीचा उपग्रह टायटन आणि आपला चंद्र ह्यांचे मुक्तिवेग जवळजवळ सारखे आहेत : २.६ व २.४ किलोमीटर. पण चंद्राची भूमी मध्यान्ही शंभर अंश सेल्सियसच्या वर तापते, टायटनची उणे १७९ अंशांवर असते. थंड टायटन जड वायू राखू शकेल असे जीन्स ह्यांच्या सिद्धान्तावरून निघत होते. १९४४ मध्ये कायपर ह्यांना तेथे मिथेन सापडला, आणि १९८० मध्ये ‘व्हॉयेजर-१’ ने नत्रवायूचे असे दाट वातावरण दाखविले की, त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या दीडपट भरला.

मंगळाबाबत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा मुक्तिवेग ५ किलोमीटर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड राखण्यास पुरेसा, तरी त्याचे वातावरण पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ आहे. २०१४ पासून मंगळाभोवती फिरू लागलेल्या ‘मेव्हेन’ यानाने आर्गॉनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. त्यावरून तेथील सुमारे दोनतृतीयांश आर्गॉन नाहीसा झाल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये काढण्यात आला. आर्गॉनसारखा जड व निष्क्रिय वायू आजच्या उष्णतामानात आपण होऊन निसटत नाही. सौर वाऱ्यामुळे वेगवान झालेल्या आयनांच्या आघातांनी तो उडविला गेला. ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असले की हवा सुरक्षित, नसले की गेली, असे ह्यावरून सर्रास म्हटले जाते. शुक्राला स्वतःचे असे क्षेत्र नाही आणि तो सूर्याला अधिक जवळ आहे. तरीही त्याच्या पृष्ठभागी पृथ्वीच्या नव्वदपटींहून अधिक दाब आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तर ध्रुवांवरून हेलियमला वाट करून देते. तेव्हा ते विधान निदान इतक्या सरळ रूपात स्वीकारता येत नाही.

राहिल्या मंगळाच्या शुभ्र टोप्या. १९६६ मध्ये लेटन व मरी ह्यांनी उष्णतेच्या हिशेबाने दाखविले की, हिवाळ्यात तेथे साचणारा बर्फ मुख्यतः गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असला पाहिजे. स्टोनींचे सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचे अनुमान असे खरे ठरले. परंतु त्याचे कारण मंगळावर पाणी टिकत नाही हे नव्हे. तेथील ध्रुवांवर थंडीच तेवढी कडक असते. उत्तर ध्रुवावर उन्हाळ्यातही उरणारी टोपी पाण्याच्या बर्फाची आहे, हे ‘व्हायकिंग’ यानांच्या १९७६ च्या निरीक्षणांनी स्पष्ट केले.